प्रीपोनची बाजू

माझं पोट इंग्रजीवर चालतं. बेंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी मॅन्युअल लिहितो. प्रोग्रामर मंडळी जे बनवतात ते वापरायचं कसं, हे साध्या इंग्रजीत सांगायचं, एवढंच काम. या धंद्यात शब्दांवरून रोज भांडणं होतात आणि बहुतेक चहा संपायच्या आत मिटतात. एक भांडण मात्र मी या शहरात आल्यापासून चालू आहे: 'प्रीपोन' हा शब्द इंग्रजी आहे की नाही?

आमच्या टीममध्ये बोलण्यात तो सगळ्यांच्याच आहे. कानपूरची मुलगी वापरते, कोइमतूरचा मुलगा वापरतो, हुबळीचे मॅनेजर वापरतात. बुधवारची मीटिंग सोमवारी घ्यायची ठरली की ती प्रीपोन झाली. पण हाच शब्द बाहेर जाणाऱ्या कागदावर यायची वेळ आली की सगळे दबकतात. बराच काळ कॉम्प्युटर त्याखाली लाल नागमोडी रेघ ओढत असे, आणि शाळेत मास्तरांच्या लाल शाईला घाबरलेला माणूस मोठेपणीही त्या रेघेला घाबरतोच. शब्द खोडला जातो, त्या जागी 'रीशेड्यूल' येतो. 'रीशेड्यूल'ने कळतं इतकंच, की वेळ बदलली. आधी गेली की नंतर, ते तुमचं तुम्ही बघा.

प्रीपोनवरचा मुख्य आरोप असा, की पोस्टपोनवरून आपण भारतीयांनी तो मनानेच तयार केला. इंग्रजांच्या इंग्रजीत असलं काही नाही. ऐकायला पटण्यासारखं आहे. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'प्रीपोन'चा पहिला दाखला आहे 1549 चा. रॉबर्ट क्रौली या इंग्रज धर्मोपदेशकाने बायबलमधली स्तोत्रं पद्यात आणली, त्यात हा शब्द येतो. तिथला अर्थ मात्र वेगळा आहे, 'समोर ठेवणे'. देवाला सतत आपल्या नजरेसमोर ठेवण्याबद्दलची ती ओळ आहे. तारखांशी तिचा संबंध नाही. तारखांचा संबंध येतो तो 1913 साली, आणि तोही भारतात नाही. न्यूयॉर्क टाइम्सला एका वाचकाने पत्र लिहून सुचवलं, की पोस्टपोनला एक प्रतिस्पर्धी हवा, म्हणून आपण 'प्रीपोन' असा शब्द पाडतो आहोत. मुख्यतः वकिलांच्या सोयीसाठी. वकिलांच्या! ज्यांना या शब्दाची गरज जगात सगळ्यात कमी, त्यांच्यासाठी. तरीही गंमत अशी, की त्या सूचनेचं अमेरिकेत फारसं काही झालं नाही, आणि आज प्रीपोनमेंटचे अर्ज दाखल होतात ते आपल्याकडच्या कोर्टांत.

न्यूयॉर्कचं ते पत्र वाचून आपल्याकडे कोणी शब्द उचलला असेल, असं मला वाटत नाही. ज्याला पोस्टपोन येतो आणि उलट अर्थ सांगायचा आहे, तो कुठेही बसून हा शब्द बनवेल. गैरहजर ऐकल्यावर हजर समजतो, तसंच हे. उपसर्ग म्हणजे सुटा केलेला नट-बोल्ट. एक काढा, दुसरा लावा. मराठीत 'उपसर्ग' याचा आणखी एक अर्थ त्रास, बाधा असा आहे, आणि भाषेच्या सोवळ्यात वावरणाऱ्यांना प्रीपोन दिसला की जे होतं ते बहुधा या दुसऱ्या अर्थाचं असावं.

शब्दाच्या कुळाबद्दल तर शंका घ्यायला जागाच नाही. 'टेलिव्हिजन'मध्ये अर्धं ग्रीक आणि अर्धं लॅटिन आहे, म्हणून एकेकाळी इंग्लंडातल्या पंडितांनी नाकं मुरडली होती. प्रीपोन दोन्ही बाजूंनी लॅटिन. 'प्राय' म्हणजे पुढे, आधी. 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. 'प्रायपोनेरे' हे क्रियापद रोमन लोक सर्रास वापरत. पुढे ठेवणे, श्रेष्ठ मानणे, एखाद्या कामावर मुख्य नेमणे, असे त्याचे अर्थ. यातूनच 'प्रीपोझिशन' आला, जो आपण सगळे पाचवी-सहावीत घोकलेला आहे: नामाच्या आधी ठेवलेला शब्द. इन, ऑन, अंडर. मराठीत तेच काम शब्दयोगी अव्यय करतं, पण नामाच्या मागे उभं राहून. घरामध्ये, टेबलावर, झाडाखाली. भाषाशास्त्रात त्याला 'पोस्टपोझिशन' म्हणतात. म्हणजे व्याकरणापुरतं बोलायचं तर इंग्रज प्रीपोन करतो आणि मराठी माणूस पोस्टपोन. बाकीच्या आयुष्यातही तो तेच करतो असं कुणाला वाटत असेल तर मी वाद घालणार नाही.

या घराण्यातला मला सगळ्यात आवडणारा शब्द वेगळाच आहे. 'प्रायपोनेरे'पासून 'प्रायपोझितुस' होतो: पुढे ठेवलेला, मुख्य नेमलेला माणूस. त्याचं झिजत झिजत इंग्रजीत झालं 'प्रोव्होस्ट'. बऱ्याच विद्यापीठांत आणि कॉलेजांत या हुद्द्याचा अधिकारी असतो. आता हाच शब्द संस्कृतात करायला घ्या. पुढे म्हणजे 'पुरस्'. ठेवणे म्हणजे 'धा' धातू, त्याचं 'ठेवलेला' या अर्थाचं रूप 'हित'. पुरस् अधिक हित: पुरोहित. पुढे ठेवलेला. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत अग्नीला जे विशेषण लागलं आहे ते हेच. रोममधले आणि सप्तसिंधूकाठचे लोक एकमेकांना न विचारता त्याच दोन कल्पना त्याच क्रमाने जोडून त्याच प्रकारचा माणूस उभा करतात. आमच्या ऑफिसातल्या एका ज्येष्ठ बाईंना, ज्या प्रीपोनच्या कट्टर विरोधक आहेत, मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या घरी सत्यनारायणाला येतात ते गुरुजी प्रीपोन्ड आहेत?" शब्दशः पाहिलं तर आहेत.

लॅटिनच्या 'प्राय' आणि 'पोस्ट' या दोन टोकांपासून इंग्रजीत 'प्रीपॉस्टरस'ही तयार झाला. त्यात प्रीही आहे आणि पोस्टही: आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. उलटसुलट, म्हणून मूर्खपणाचं. प्रीपोनला 'प्रीपॉस्टरस' म्हणणाऱ्या इंग्रजाला आपण घरातल्याच भावाला नावं ठेवतो आहोत याची कल्पना नसते.

पण एखादा शब्द खानदानी आहे म्हणून तो वापरावा, हे मला पटत नाही. कोशात हजारो खानदानी शब्द धूळ खात पडले आहेत. प्रीपोनची बाजू मी घेतो ती गरज म्हणून, आणि ती गरज मला एका बुधवारच्या डेमोमुळे कळली.

लीड्सहून बोलणारा आमचा एक सहकारी कॉलवर म्हणाला, की बुधवारचा डेमो दोन दिवस 'फॉरवर्ड' घेऊ या. मान्य. कॉल संपला. संध्याकाळी बघतो तर टीममधल्या काहींनी सोमवार लिहून घेतलेला आणि काहींनी शुक्रवार. शुक्रवारवाल्यांत मी, कानपूरची मुलगी आणि हुबळीचे मॅनेजर होतो. कोइमतूरच्या मुलाने सोमवार लिहिला होता. आम्ही सगळेच तसं रोज इंग्रजीत जगणारे.

पुढे मला कळलं, की हा प्रयोग मानसशास्त्रात नावाजलेला आहे, आणि प्रश्नही जवळजवळ हाच: पुढच्या बुधवारची मीटिंग दोन दिवस फॉरवर्ड केली, तर ती आता कोणत्या वारी? मातृभाषा इंग्रजी असलेल्यांमध्येही उत्तरं दुभंगतात. साधारण निम्मे सोमवार सांगतात, निम्मे शुक्रवार. लेरा बोरोडित्स्की आणि मायकेल रॅम्स्कार यांनी 2002 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच प्रश्न विमानतळावरच्या लोकांना विचारला होता. नुकतेच विमानातून उतरलेले लोक शुक्रवारकडे झुकले. आपण स्वतः पुढे सरकत आलो, असं अंगात असलं की 'फॉरवर्ड' म्हणजे आपण जातो ती दिशा. उलट ज्यांना काळ समोरून आपल्याकडे येतो असं वाटतं, त्यांच्यासाठी 'फॉरवर्ड' म्हणजे आपल्याकडे, अर्थात आधी. हा प्रयोग बेंगळुरूत सिल्क बोर्डच्या सिग्नलवर करायला हवा. तिथे अर्धा तास अडकलेला माणूस काळात पुढे सरकतो आहे असं समजायचा मुळीच संभव नाही.

मराठी माणसाच्या डोक्यात 'पुढे' या शब्दाची दिशा पक्की आहे. पुढचा आठवडा अजून यायचाय, मागचा आठवडा गेला. परीक्षा पुढे ढकलली म्हणजे लांबली. लग्न पुढे गेलं म्हणजे आई-बापांच्या काळजीत भर. त्यामुळे 'ब्रिंग फॉरवर्ड' ऐकलं, की कान इंग्रजी ऐकतात आणि डोकं 'पुढे' ऐकतं. कन्नडची तऱ्हा हुबेहूब हीच. आमच्या शेजारची मुलगी सेकंड पीयूसीला आहे. (अकरावी-बारावीला इथे प्री-युनिव्हर्सिटी म्हणतात; या राज्यात 'प्री' बोटाशीच असतो.) मध्यंतरी तिच्या क्लासची एक परीक्षा लांबली, तर तिची आई गॅलरीतून मला म्हणाली, "एग्झाम मुंदक्के होगिदे." पुढे गेलीय. मला अर्थ लावावा लागला नाही. इथल्या वर्तमानपत्रांत तर 'मुंदूडिके' हा शब्द मथळ्यांत सारखा दिसतो. मुंदे म्हणजे पुढे, दूडु म्हणजे ढकलणे. पुढे ढकलणे, अक्षरशः. 'हत्तु वर्षद हिंदे' म्हणजे दहा वर्षांमागे. हिंदीतही मीटिंग 'आगे बढ़ी' की लांबली. तमिळात मात्र 'मुन्' हाच समोर आणि हाच आधी, 'पिन्' हाच मागे आणि हाच नंतर. कोइमतूरच्या मुलाचा सोमवार त्या तमिळ कानाने आला की त्याच्या चांगल्या कॉन्व्हेंटमुळे, हे मी ठामपणे सांगणार नाही. तो सांगतो कॉन्व्हेंटमुळे.

आणि कन्नडमध्येही सगळं सरळ नाही. ज्या मुळापासून 'मुंदे' आला त्याच मुळाचा 'मुंचे', आणि त्याचा अर्थ आधी, अगोदर. आपलंही तसंच. 'पुढे' भविष्यात गेला, पण संस्कृतातला 'पूर्व' म्हणजे समोरचा, उगवतीकडचा, आणि काळात तो गेलेला. 'पश्चात्' म्हणजे पाठीमागचा, आणि काळात तो नंतरचा. अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेचे लोक तर भूतकाळाबद्दल बोलताना समोर हात करतात आणि भविष्याबद्दल बोलताना पाठीमागे. जे घडलं ते दिसतं, जे घडायचंय ते दिसत नाही, म्हणून. एकेका भाषेत दोन-दोन नकाशे एकावर एक घडी करून ठेवलेले असतात. रोज बोलताना अडत नाही. तारीख बदलायची वेळ आली की अडतं.

मग मराठीने स्वतःपुरती काय सोय केली? आपण म्हणतो, तारीख अलीकडे घेतली.

मागच्या वर्षी सांगलीहून मावशीचा फोन आला होता. नातीचं लग्न ठरलेलं, कार्यालय घेतलेलं, आणि मुलाला कंपनीने एकाएकी जर्मनीला पाठवायचं ठरवलं. मावशी म्हणाली, "अरे, आम्ही मुहूर्त अलीकडे ओढतोय, रजेचं बघ." त्याच आठवड्यात मी सांगलीला गेलो, म्हणून पुढचं सगळं समोर पाहिलं. गुरुजींनी कोचावर बसून पंचांग मांडीवर घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि ठरलेल्या तिथीवर उजव्या हाताची तर्जनी ठेवली. मग ती कागदावरून वर वर आणत गेले. एका ओळीवर थांबले, ओठात काहीतरी पुटपुटले, नकारार्थी मान हलवली. आणखी वर. मावशीचे यजमान मोबाइल कानाला लावून कार्यालयवाल्याशी बोलत होते आणि गुरुजींचं बोट थांबेल तिकडे बघून त्याला तारीख विचारत होते. तीनदा 'नाही' आलं. चौथ्या वेळी बोट आणि कार्यालय दोघंही 'हो' म्हणाले. लग्न सतरा दिवस अलीकडे आलं. पुढे ठेवलेल्या माणसाने लग्न प्रीपोन केलं, हे माझ्या मनात आलं. तिथे बोललो नाही.

'अलीकडे' मध्ये पुढे आणि मागे यांची भानगडच नाही. नदीच्या अलीकडे, पुलाच्या पलीकडे, असं आपण म्हणतो. काळ हा आपल्यासमोर आडवा पडलेला प्रदेश, आपण ऐलतीरावर उभे, आणि लांबची तारीख ओढून आपल्या बाजूला आणायची. कुणी कुठे तोंड करून उभं आहे, काळ चालतोय की माणूस चालतोय, हे विचारायचं कारण उरत नाही. 'फॉरवर्ड'ने जो घोळ घातला तो 'अलीकडे'ने कधीच घातला नसता. सांगलीतल्या त्या घरात कुणीही चुकीचा दिवस लिहून घेतला नाही. आपल्या भाषेतली ही सोय इतकी रुळलेली आहे, की तिच्यात काही अक्कल आहे हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही.

पण इंग्रजीत 'अलीकडे घेणे' करता येत नाही. 'अ‍ॅडव्हान्स' करता येईल, असं आमच्या त्या ज्येष्ठ बाई म्हणतात. बेंगळुरूत? या शहरात अ‍ॅडव्हान्स म्हणजे घरमालकाला द्यायची अनामत, आणि जुन्या रिवाजाने ती दहा महिन्यांच्या भाड्याएवढी. इथे अ‍ॅडव्हान्स म्हटलं की माणूस आधी खिशाला हात लावतो. 'अँटिपोन' असाही एक शब्द इंग्रजी कोशात सापडतो, पण तो बोललात तर लोक औषधाचं नाव समजतील.

सांगलीच्या त्या लग्नात असाच गरजेतून आलेला आणखी एक शब्द भेटला. मुलाकडचे काही पाहुणे बेंगळुरूचे होते. एका गृहस्थांनी दुसऱ्याची ओळख करून दिली, "ही इज माय को-ब्रदर." म्हणजे साडू. कन्नडमध्ये षड्डक. त्यांच्या बायका सख्ख्या बहिणी. जावेला याच हिशेबाने को-सिस्टर. इंग्रजीने या दोन नात्यांना स्वतंत्र नावं दिली नाहीत, कारण तिथे बहुधा साडवांना एकमेकांशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्याकडे असतं, मानपान असतो, तुलना असते, मुलांच्या टक्क्यांची चौकशी असते. दक्षिणेतल्या माणसांनी 'को' हा उपसर्ग घेतला आणि नातं इंग्रजीत चालतं केलं. को-ऑपरेटिव्हमध्ये जितकं सहकार्य असतं तितपतच या 'को'मध्येही असतं.

आता स्पेलिंगकडे येतो, कारण खरी हेळसांड तिथे आहे. ज्यांना शब्द मान्य आहे तेही तो नीट लिहीत नाहीत. कोणी मध्ये आडवी रेघ घालून 'प्री' आणि 'पोन' वेगळे करतात, जसा काही 'पोन' हा सुटा चालणारा शब्द आहे. पोस्टपोनमध्ये कोणी अशी रेघ घालत नाही. पण खरा अपघात भूतकाळात होतो. बोलताना आपण 'पोस्पॉन झालं', 'प्रीपॉन झालं' म्हणतो, ओकाराचा ऑकार करतो, आणि मेसेज लिहिताना कानाने ऐकलेलं तसंच्या तसं उतरतं: पी, ओ, एन, डी. पाण्याचं तळं. मीटिंग प्री-तळं झाली. ज्या शहराने आपली अर्धी तळी बुजवून वर बस स्टँड आणि स्टेडियमं बांधली, त्याने ती अशी ई-मेलमध्ये परत खोदावीत, हे एका परीने ठीकच आहे. मॅजेस्टिकचा बस स्टँड जिथे उभा आहे तिथे धर्मांबुधी नावाचं तळं होतं. पण स्पेलिंग म्हणून ते चूकच. 'पोन' हा पोनेरेतून आलेला आहे, त्याच्या शेवटी ई हवा, आणि भूतकाळात त्या ईला डी लागतो.

देवनागरीत 'प्रि' ऱ्हस्व लिहायचा की 'प्री' दीर्घ, यावर एका मराठी मित्राने माझ्याशी तासभर वाद घातला होता. उच्चार दीर्घ आहे, म्हणून दीर्घ. त्याला यापेक्षा जास्त वेळ देऊ नये.

आज ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या कोशांत प्रीपोन आहे, 'इंडियन इंग्लिश' असा शिक्का मारून. तो शिक्का मला खटकत नाही. तो शब्द जिथे कामाला आला तिथल्यांच्या नावावर लागला आहे. 1549 आणि 1913 च्या माणसांनी तो बनवला, पण त्यांच्या लोकांना त्याची नड नव्हती. आपल्याला होती, कारण आपला 'पुढे' आणि त्यांचा 'ब्रिंग फॉरवर्ड' यांचं तोंड उलट्या दिशांना आहे, आणि दोघांच्या मध्ये उभं राहून आपल्याला रोज मीटिंगा घ्यायच्या असतात. लीड्सचा आमचा सहकारीही आता प्रीपोन म्हणतो. आधी चेष्टेने म्हणायचा. पुढे पुढे त्यातली चेष्टा गेली, कारण त्याच्या कॉलनंतर कुणी शुक्रवारी येऊन बसेनासं झालं.

तेव्हा पुढच्या वेळी तारीख अलीकडे घ्यायची झाली तर हा शब्द खुशाल लिहा, क्लायंट लंडनचा असला तरी लिहा. फक्त मध्ये रेघ घालू नका, आणि शेवटचा ई विसरू नका.